खाली म्हणजे खाली

प्रिय आई,

निकाल लागला. काल दुपारी, हायकोर्टात. त्याला शिक्षा झाली. मराठीतली शिक्षा, हिंदीतली नव्हे. बाबा असते तर हा विनोद त्यांनी केला असता. ते नाहीत म्हणून मी केला, आणि हसायलाही मी एकटीच होते.

जन्मठेप. ज्या शब्दासाठी आपण दोघी एवढी वर्षं डबे बांधून कोर्टात जात होतो, तो जजसाहेबांनी सहज उच्चारला आणि लगेच पुढच्या केसचा पुकारा झाला. मी बाहेर आले, फोन काढला आणि तुझ्या नावावर बोटही ठेवलं. रिंग जाईना, तेव्हा आठवलं की तुझा फोन माझ्याच कपाटात बंद पडलाय. तुला जाऊन एक पावसाळा आणि एक दिवाळी झाली, तरी बोटाला अजून कळलेलं नाही.

म्हणून लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगू? ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, "अच्छा, वो केस अभी तक चल रहा था?" मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं गं बाई, सुटलीस." सुटले म्हणजे काय, ते मला अजून समजलेलं नाही. आनंद शोधला, सापडला नाही. खूप लांबच्या प्रवासातून उतरल्यावर पाय सुजलेले असतात ना, तसं झालंय.

आणि तुझा राग आलाय. तो आधी सांगते, म्हणजे मग नीट बोलता येईल. एवढी घाई कशाला केलीस? एवढी वर्षं थांबलीस, अजून थोडे महिने थांबवलं नाही तुला? निकालात काय आलंय ते तू ऐकायलाच हवं होतंस. शिक्षेचं जाऊ दे. मी दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल म्हणतेय, ती शेवटी सांगते.

तुझी हिंदी! लग्न होऊन सांगलीहून थेट आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पडलीस आणि पहिल्याच आठवड्यात वरच्या शर्माआंटींना सांगितलंस, "हमारे घर में बच्चों को बहुत शिक्षा करते हैं." आंटी केवढ्या प्रभावित झाल्या! महाराष्ट्रातली माणसं शिक्षणाला किती मान देतात, असं त्या सगळ्या ब्लॉकला सांगत सुटल्या. बाबांनी हा किस्सा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. पाहुणा जुना असला तर पुन्हा ऐकवला.

त्याहून त्यांचा लाडका होता तो सिलेंडरचा. नवा, भरलेला सिलेंडर जिन्यापाशी ठेवलेला होता, तो वर आणून द्यावा म्हणून तू गॅसवाल्याला खिडकीतून ओरडून सांगितलंस, "भैया, सिलेंडर खाली है!" त्यानं मुकाट्यानं तो गाडीवर चढवला आणि निघून गेला. बाबा स्कूटर काढून त्याच्यामागे सेक्टरभर फिरले. परत आल्यावर घाम पुसत म्हणाले, "सुधा, दिल्लीत खाली म्हणजे रिकामं. तुझं खाली इथे नीचे असतं. या शब्दाला तू हातच लावू नकोस." तू म्हणालीस, "शब्द माझा आहे, लावीन हात." आणि आपण तिघंही हसलो होतो.

मग ती संक्रांत. हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं यावर तुमचा दोघांचा आठवडाभर वाद चालला होता. प्लास्टिक नको, यंदा स्टीलच्या वाट्याच द्यायच्या, असं तू ठरवलंस आणि बाबांना पिशव्या धरायला बाजारात घेऊन गेलीस. मी आले नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, अभ्यास होता, आणि वाट्या निवडायला तुला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. बॉम्बस्फोटाची बातमी शर्माआंटींच्या टीव्हीवर आली. बाजाराचं नाव ऐकलं आणि पुढचं काही मला नीट आठवत नाही.

हॉस्पिटलात तू सापडलीस. डाव्या कानाला पट्टी, साडीवर काचेचा चुरा आणि हातात वाट्यांची पिशवी, घट्ट धरलेली. नर्सनं सोडवायचा प्रयत्न केला तरी बोटं उघडत नव्हती. बाबा कुठे आहेत हे मी तुला विचारलं नाही. तुझ्याकडे पाहून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आला, खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. वाईट नव्हता तो माणूस. तुला ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं आणि सावकाश विचारत होता. "माताजी, आपने क्या देखा?" तू म्हणालीस, "एक आदमी बेंच पे बैठा था. फिर उठ के गया. उसका बैग खाली रह गया." त्यानं लिहून घेतलं. त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं, त्याची तरी काय चूक? मी शेजारी उभी होते. जन्म दिल्लीत गेलेली मी, मलाही त्या क्षणी काही खटकलं नाही.

कागदावर झालं, बैग खाली था. रिकामी पिशवी.

त्याला पकडला पुढच्याच वर्षी. ज्यांनी त्याला पाठवलं होतं ते कधी हाती लागलेच नाहीत, ते तू आणि मी दोघी धरूनच चाललो होतो. पण पिशवी ठेवणारा तरी सापडला होता. तो राहायचा त्या खोलीत काही वस्तू मिळाल्या, घरमालकानं त्याला ओळखलं. मात्र त्या बाजारात, त्या बेंचवर त्याला पाहिलेली जिवंत माणूस तू एकटीच होतीस. सगळी केस तुझ्या डोळ्यांवर आणि जिभेवर उभी होती. डोळे ठीक होते गं तुझे.

पहिल्या साक्षीचा दिवस आठवतो? तू बाबांच्या आवडीची राखाडी साडी नेसली होतीस. आरोपीचा वकील किती गोड बोलत होता! "माताजी, आपने पुलिस को बताया, बैग खाली था. ये देखिए, लिखा है. तो खाली बैग से धमाका कैसे हुआ?"

"नहीं, नहीं," तू म्हणालीस. "खाली मतलब... खाली. नीचे."

"अच्छा! उस दिन खाली था, आज नीचे हो गया?"

मागच्या बाकांवरचे काही लोक हसले. जजसाहेबसुद्धा ओठांत हसले, मी पाहिलं. तू भांबावलीस. मग त्यानं विचारलं, "आप कहती हैं आपने चेहरा देखा. वो तो पीठ करके जा रहा था. फिर मुड़ा क्यों?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग खाली पाहिलंस. आणि म्हणालीस, "ऐसे ही."

"ऐसे ही!" तो म्हणाला आणि बसला. त्याला आणखी काही विचारायची गरजच नव्हती.

खालच्या कोर्टानं त्याला संशयाचा फायदा देऊन सोडलं. त्या दिवशी बाहेर पडताना तू पहिली आणि शेवटची कोर्टाची थट्टा केलीस. म्हणालीस, "खालचं कोर्ट म्हणजे दिल्लीच्या हिशेबानं रिकामंच की." मला हसू आलं नाही. तुलाही आलं नव्हतं.

सरकारनं वर अपील केलं आणि मग तारखा सुरू झाल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे, आपल्या अपिलाला त्याहून जास्त होती. कधी वकील आजारी, कधी फाईल सापडत नाही, कधी बेंच बसत नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आपण तर तिथे राहायलाच गेलो होतो. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, फरीदाबादला हा फ्लॅट घेतला. तिथून कोर्ट आणखी लांब पडायचं, पण एकही तारीख तू चुकवली नाहीस. तो जामिनावर यायचा. काळे केस घेऊन येत होता, करडे घेऊन येऊ लागला. एकदा लिफ्टपाशी आपल्या अगदी समोर उभा राहिला होता. मी लिफ्टचं बटण दाबतच राहिले आणि तू त्याच्याकडे शांत बघत होतीस. घरी आल्यावर म्हणालीस, "म्हातारा झाला गं तो. ह्यांना व्हायचं होतं."

त्या वर्षांत तू हिंदी सोडूनच दिलीस. आधी मला वाटलं, मानी बाई आहे, कोर्टात हसले म्हणून रुसली. भाजीवाल्याला बोटानं दाखवायचीस. रिक्षाला हात करून उभी राहायचीस, सगळी दिल्ली जे विचारते ते "खाली हो क्या?" एवढं विचारणं तुझ्या तोंडून निघत नसे. आणि घरात माझ्यामागे हात धुऊन लागलीस. मी इथे वाढलेली, माझ्या मराठीत हिंदी शिरणारच. "आई, डबा खाली आहे," म्हटलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "रिकामा! रिकामा म्हण!" बाटली रिकामी, खुर्ची रिकामी, बस रिकामी. मी वैतागायचे. म्हणायचे, आई, तू ट्यूशन क्लास काढ.

आणि ती छत्रीची गोष्ट. आपण मेट्रोत होतो. समोरची मुलगी उतरली आणि तिची छत्री सीटखाली राहिली. तुझं लक्ष होतं, तुला दिसली होती. तू माझा हात इतका जोरात धरलास की बांगडी रुतली. दार बंद झालं. मी म्हटलं, "अगं, सांगायचं ना तिला!"

"नाही," तू म्हणालीस. "कुणाला काही सांगायचं नाही."

मी चिडले. एवढी कशी माणूसघाणी झालीस, असं काहीतरी बोलले. वर ती रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती, किसी भी लावारिस वस्तु को हाथ न लगाएँ. तू ते ऐकताना डोळे मिटून घ्यायचीस, दर वेळी. मला वाटायचं, झोप येतेय.

एवढ्या सगळ्या भानगडीला पुन्हा तोंड फुटलं ते एका पाण्याच्या बाटलीमुळे. हायकोर्टाच्या व्हरांड्यात आपण बसलो होतो. सरकारकडून नवी वकीलबाई आली होती, माझ्याहून लहान, चष्मेवाली, बोलताना सारखी घड्याळ बघणारी. मी पिशवीतून बाटली काढली आणि म्हटलं, "आई, पाणी संपलं. बाटली खाली आहे."

"रिकामी!" तू तिच्यासमोरच खेकसलीस. "किती वेळा सांगायचं? खाली म्हणजे खाली!" आणि बोटानं जमीन दाखवलीस. चांगली दोनदा, फरशीवर टक टक करून.

वकीलबाईला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण बोट कळलं. ती घड्याळ बघायची थांबली. "आंटी ने अभी क्या बोला?" मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, "मतलब घर में भी यही बोलती हैं? हमेशा?" मी म्हटलं, "मॅडम, मैं तो तंग आ गई हूँ." इतक्या वर्षांत कागद वाचणारे पुष्कळ झाले, तुझं बोट पाहणारी ही पहिलीच.

तिनं कोर्टापुढे मुद्दा मांडला, आणि हुकूम निघाला की या एवढ्या बाबतीत तुझी साक्ष पुन्हा घ्यावी, तुझ्या भाषेत. घ्यायची होती त्याच खालच्या कोर्टात, त्याच खोलीत. मला वाटलं, तुला आनंद होईल. तू मात्र आठवडाभर धड जेवली नाहीस. "नको गं बेबी," म्हणत राहिलीस. "आता मराठीत नको." मी म्हटलं, असं काय करतेस, सोपं झालंय आता! मराठीत बोलायचं तुला कसलं भय, हे मला कळतच नव्हतं.

दुभाषी म्हणून करोल बागेतले एक निवृत्त मराठी मास्तर आले होते. धोतर नाही, सूट, पण मास्तरच. तुला म्हणाले, "वहिनी, सावकाश होऊ द्या." पहिली काही मिनिटं छान गेली. तू म्हणालीस, खाली म्हणजे जमिनीवर, बेंचच्या तळाशी. मास्तरांनी सांगितलं, "नीचे." मग तो वकील उठला. तोही थकला होता आता, पण बुद्धी तल्लख.

"मास्टरजी, मराठी में मकान खाली करना बोलते हैं कि नहीं?"

मास्तर घुटमळले. "बोलते हैं."

"यानी मराठी में भी खाली का मतलब खाली हो सकता है?"

"हो सकता है, जी."

इतका प्रामाणिकपणा त्या मास्तरांकडे कुणी मागितला होता? मी दातओठ खात बसले. सगळं पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी! जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "माताजी, एक शब्द से पता नहीं चलेगा. आपने उस समय पूरा क्या कहा था? और किससे कहा था?"

स्टेनोनं मान वर करून पाहिलं. मास्तरांनी प्रश्न मराठीत पुन्हा विचारला, तुझ्या उजव्या कानाशी वाकून. तू माझ्याकडे पाहिलंस, अगदी त्या पहिल्या साक्षीत पाहिलं होतंस तसंच. आणि मग बोललीस.

"मी म्हटलं, 'अहो, त्या माणसाची पिशवी खाली राहिली बघा.'"

मास्तर भाषांतर करायला लागले आणि पहिल्याच शब्दाला अडले. "जी, इन्होंने कहा... अजी... सुनिए..." मग थांबले, चष्मा काढला. "सर, ये 'अहो' जो है, इसका हिंदी नहीं होता. जब मराठी औरत ऐसे 'अहो' बोलती है, तो अपने पति को बोलती है."

खोलीत कुणी हसलं नाही.

"फिर?" जजसाहेब म्हणाले.

"मग हे म्हणाले, 'धर जरा.' वाट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. पलीकडे गेले, वाकले, ती पिशवी उचलली. त्याच्यामागे चालत गेले, हाका मारत. 'ओ भाईसाहब! ओ भाईसाहब!' म्हणून तो वळला. मी तोंड पाहिलं त्याचं. त्यानं ह्यांच्या हातात पिशवी पाहिली आणि पळाला." मग तू अगदी हळू म्हणालीस, "मीच सांगितलं ना ह्यांना. नसतं सांगितलं तर हे माझ्याजवळ उभे होते."

शेवटचं मास्तरांनी लगेच सांगितलं नाही. जजसाहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, तेही खाली बघत.

आई, तू मला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं एका घरात, एका ताटात जेवलो आपण. पोलिसाला सांगताना, कोर्टात सांगताना तू त्या वाक्यातला फक्त मागचा तुकडा दिलास, कारण पुढचा शब्द उच्चारला असता तर बाबांना तूच पाठवलंस हे जगाला कळलं असतं. मला कळलं असतं. "ऐसे ही," म्हणालीस! त्या 'ऐसे ही'वर तो सुटला होता. तुला हिंदी येत नव्हती म्हणून नव्हे, तुला ते वाक्य पुन्हा ऐकायचं नव्हतं म्हणून.

घरी येताना मेट्रोत तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "आता कळलं ना तुला." आणि मी काय म्हटलं? "चहा घ्यायचा का उतरल्यावर?" एवढंच सुचलं मला. नंतर बोलू, निवांत बोलू, असं म्हणत राहिले. निवांत वेळ आला नाही. उन्हाळ्यात एका दुपारी जेवून पंख्याखाली पडलीस ती उठलीच नाहीस. मी ऑफिसात होते.

आता ती गोष्ट, जी तू ऐकायला हवी होतीस.

निकालपत्र मी काल वाचलं, तिथल्याच कँटीनमध्ये बसून. सगळं इंग्रजीत, जाडजूड, अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. पण मध्ये एका ठिकाणी थांबले. इंग्रजीत छापलेलं 'अहो'! असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. कोर्टानं म्हटलंय की नवऱ्याला 'अहो' अशी हाक मारून रिकाम्या पिशवीची बातमी कुणी देत नसतं. राहून गेलेली वस्तूच सांगतात. म्हणून खाली म्हणजे खाली. आणि पुढे म्हटलंय की नवऱ्यानं हाक मारली म्हणून तो वळला, आणि वळला म्हणूनच साक्षीदाराला त्याचा चेहरा दिसला. बाकीचं सगळं त्यावर टेकलं.

कळतंय का तुला? तू सांगितलंस म्हणून बाबा गेले, हे खरं. मी ते खोटं म्हणणार नाही, तुला खोटं समाधान कधी चाललंच नाही. पण तू सांगितलंस म्हणूनच तो वळला, आई. तू गप्प बसली असतीस तर त्याची पाठ दिसली असती फक्त. ती पिशवी तिथेच फुटली असती, तुम्हा दोघांपासून हाकेच्या अंतरावर, आणि त्या बेंचवर तर कुणाची तरी मुलं ज्यूस पीत बसली होती, तूच सांगायचीस. बाबांनी ती उचलून लांब नेली. त्यांना माहीत नव्हतं, तरी नेली. ज्या वाक्यापायी तू एवढी वर्षं तोंड मिटून बसलीस, त्याच वाक्यानं तो पकडला गेला. हे तुला सांगायला मी कुठे जाऊ आता?

वकीलबाई म्हणाली की तो वर जाईल, सुप्रीम कोर्टात. जाईलच. मी विचारलं, "कितना टाइम?" ती नुसती हसली. माझी काही तक्रार नाही. डबा बांधायची सवय आहे.

काल परत येताना गर्दी कमी होती. समोर एक मुलगा बसला होता, कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, डुलक्या घेत. त्याचं स्टेशन आलं तसा दचकून उठला आणि दाराकडे धावला. त्याची डब्याची पिशवी सीटखाली राहिली. माझ्या शेजारच्या बाईंनी पाहिली आणि पाय आखडून घेतले. वरची बाई तेच सांगत होती, लावारिस वस्तु. माझा हात कुणीतरी धरलाय, बांगडी रुततेय, असं वाटलं.

आणि मी ओरडले. "ओ भाईसाहब!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो वळला. पिशवी दिसली तशी कपाळावर हात मारला, आत येऊन उचलली, "थँक्यू आंटी," म्हणाला आणि दार लागता लागता उतरला. डबाच होता गं. आतला चमचा वाजला. पुढची स्टेशनं मी रडत होते आणि शेजारच्या बाई मला पाणी देत होत्या.

तुझं वाक्य चुकलेलं नव्हतं, आई. कुठल्याच भाषेत.

तेव्हा वचन देते. तारखा पडतील तेवढ्यांना मी जाईन, आणि कुणी विचारलं तर ते वाक्य पूर्ण सांगेन, पहिल्या शब्दापासून. कुणाचं काही राहिलं तर हाक मारीन, हात लावणार नाही पण हाक मारीन, बाबांसारखी. या संक्रांतीला माळ्यावरची वाट्यांची पिशवी काढीन आणि त्या वाटीन, तुझं वाण आहे ते. आणि घरात रिकाम्याला रिकामंच म्हणीन. ट्यूशन फुकट गेलेली नाही तुझी.

कालपासूनच सुरुवात केली आहे. आत्ताही बघ, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय. समोरची तुझी खुर्ची रिकामी आहे.

तुझी,
बेबी